दोनशे वर्षं परदेशात राहिलेली शाळा

प्रेस्टन, लँकेशर
ऑगस्टअखेर

प्रिय बाबा,

सप्रेम नमस्कार. आईचा गुडघा आता बरा असेल. पाऊस थांबेपर्यंत पहाटेच्या मिस्सेला चालत जायचा हट्ट नको, असं तिला माझ्या वतीने नीट बजावून सांगा.

जेज्वीटांची, म्हणजे येशूसंघाच्या फादरांची, ती जुनी शाळा माझ्या घरापासून किती लांब आहे, हे तुम्ही दोनदा विचारलंत. गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. उन्हाळ्याच्या सुटीत मुलं घरी गेली की ती लोकांना पाहायला खुली करतात, तेव्हा ड्यूटी नसलेला दिवस गाठून मी जाऊन आले. फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं. शिवाय तुम्ही सबंध आयुष्य शाळेत काढलंत, तुम्हाला हे सावकाश वाचायला आवडेल.

शाळेचं नाव स्टोनीहर्स्ट. हर्स्ट ग्रीन नावाच्या छोट्या गावाबाहेर आहे, रिबल नदीच्या खोऱ्यात. गाव मागे पडलं की एक लांबलचक सरळ रस्ता लागतो, दोन्ही अंगांना दोन लांब तळी, आणि समोर दोन मनोरे. मनोऱ्यांच्या टोकांवर गरुड बसवलेले आहेत. मूळचा हा शायरबर्न नावाच्या कॅथलिक जमीनदारांचा वाडा. १५९२ मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं. वाड्याच्या मोठ्या दालनात एक दणकट लाकडी टेबल आहे. १६४८ मध्ये प्रेस्टनच्या लढाईच्या आदल्या रात्री कॅथलिकांचा कट्टर विरोधक सेनापती क्रॉमवेल त्यावर चिलखतासकट झोपला होता म्हणे. कॅथलिकांच्या घरात रात्र काढायची तर त्याला भीती वाटणारच.

शाळा मात्र या वाड्यात जन्मलेली नाही. या मातीतलीच नाही. ती सुरू झाली १५९३ मध्ये, समुद्रापलीकडे सेंट-ओमेर या गावी. आज ते फ्रान्समध्ये आहे, तेव्हा स्पेनच्या राजाच्या ताब्यात होतं. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक शाळा काढणं सोडाच, धर्मगुरू असणं हाच राजद्रोह होता. १५८५ चा कायदाच तसा होता: परदेशात दीक्षा घेतलेला धर्मगुरू इंग्लंडच्या भूमीवर सापडला तर फाशी, आणि त्याला घरात आसरा देणाऱ्यालाही फाशी. मग आपली मुलं श्रद्धेत वाढावीत असं ज्यांना वाटे, त्या आईबापांनी काय करायचं? ते मुलांना चोरून बोटीत बसवत. नावं बदलून पाठवत, म्हणजे मागे राहिलेल्या घरादाराला धोका नको. दहा-बारा वर्षांचं पोर एकदा गेलं की वर्षानुवर्षं दिसायचं नाही. आपल्याकडे धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, शाळेत मुलाचं नाव घालायला आपण शर्टाला इस्त्री करून, हसत जातो. मला त्या आयांचंच सारखं मनात येत होतं.

शाळा काढणारे फादर रॉबर्ट पर्सन्स. १५८० मध्ये ते आणि फादर एडमंड कँपियन वेषांतर करून इंग्लंडात शिरले होते. कँपियन ऑक्सफर्डचे नावाजलेले विद्वान. तरुणपणी राणीसमोर बोलायचा मान त्यांना मिळाला होता. वर्षभर ते घरोघर लपत मिस्सा करत फिरले, मग पकडले गेले. १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनच्या टायबर्नला त्यांना फाशी देऊन त्यांच्या देहाचे तुकडे केले. पर्सन्स निसटले. परत इंग्लंडात पाऊल टाकता येईना, तेव्हा बारा वर्षांनी त्यांनी ही शाळा उभी केली.

कँपियनना ज्या दोरांनी बांधलं होतं, ते दोर स्टोनीहर्स्टमध्ये आहेत. काचेच्या नळ्यांत जपून ठेवलेले. दरवर्षी १ डिसेंबरला, त्यांच्या सणाच्या दिवशी, शाळेच्या चर्चमध्ये ते वेदीवर ठेवून मिस्सा होते. साधा दोर, बाबा. आपल्या विहिरीवर पोहऱ्याला असतो तसाच. सोन्याच्या मंजुषेतले अवशेष मी पुष्कळ पाहिले आहेत, जुन्या गोव्याला तर तुम्हीच नेलं होतंत. पण या दोराकडे बघताना अंगावर काटा आला. शाळेतल्या मुलांना तो दरवर्षी दिसतो. हक्काने धर्म पाळता येणं ही कुणीतरी मोजून दिलेली किंमत आहे, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नसेल.

आता तुमच्यासाठी एक गोष्ट. पर्सन्स येशूसंघात दाखल झाले ते १५७५ मध्ये, रोमला. त्याच वर्षी, त्याच रोममध्ये आणखी एक इंग्रज तरुण संघात आला: आपले फादर स्टीफन्स. उपवासकाळात तुम्ही ज्यांच्या ओव्या म्हणता, तेच. एकाने देशबांधवांच्या मुलांसाठी शाळा काढली. दुसरा ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून बोटीत चढला, २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरला, आणि चाळीस वर्षं तिथे राहून गोव्यातल्या साष्टीच्या लोकांसाठी मराठीत क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची ओवीबद्ध कथा, लिहून गेला. १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं. गोव्याला पोचल्यावर अडीच-तीन आठवड्यांतच स्टीफन्सनी लंडनला वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं होतं. बोटीचा प्रवास, वारे, मासे, पक्षी, सगळं त्यात आहे. पुढे इथल्या प्रवासवर्णनांच्या एका मोठ्या संग्रहात ते छापलं गेलं, म्हणून आजही वाचायला मिळतं. इंग्लंडात कॅथलिकांना मोकळीक असती तर स्टीफन्स गोव्याला आले असते की नाही, कुणास ठाऊक. ज्या छळामुळे ही शाळा देशाबाहेर गेली, त्याच काळाने आपल्याला आपलं पुराण दिलं, असं मी तरी मानते.

आणि शाळा सुरू होऊन चार वर्षं होत नाहीत तोच, १५९७ च्या फेब्रुवारीत, आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया नागासाकीला क्रुसावर गेले. तेही वसईच्या किल्ल्यात जेज्वीटांकडेच शिकलेले. सेंट-ओमेरचीही काही मुलं पुढे धर्मगुरू होऊन लपतछपत मायदेशी परतली आणि फासावर गेली. त्यांतले पहिले थॉमस गार्नेट, १६०८ मध्ये. १९७० मध्ये पोपनी इंग्लंड आणि वेल्सच्या चाळीस हुतात्म्यांना एकत्र संतपद दिलं, त्यात कँपियनही आहेत आणि गार्नेटही.

सेंट-ओमेरला नाटकं फार होत. २०१४ मध्ये त्या गावच्या ग्रंथालयात शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या पहिल्या संग्रहाची एक प्रत सापडली, ती याच शाळेतून तिथे आलेली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा एकुलता एक कॅथलिक, चार्ल्स कॅरल, तोही सेंट-ओमेरचाच विद्यार्थी.

पुढची बिऱ्हाडं ऐका. १७६२ मध्ये फ्रान्सने जेज्वीटांच्या शाळा बंद केल्या. सरकारने ताबा घ्यायच्या आत शिक्षक मुलांना सहलीला न्यावं तसे बाहेर घेऊन निघाले ते थेट आजच्या बेल्जियममधल्या ब्रूजला पोचले. अकरा वर्षांनी, १७७३ मध्ये, खुद्द पोपनीच येशूसंघ बरखास्त केला. ब्रूजची शाळाही बंद पाडली गेली. तेव्हा तिथल्याच लीएज शहराच्या बिशपांनी आसरा दिला. संघ नाही, झगा नाही, पण शिकवणारे तेच आणि पद्धतही तीच. मग १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजा लीएजवर चालून आल्या. पुन्हा बोटी, नदीतून हॉलंड, तिथून समुद्र ओलांडून इंग्लंडमधलं हल नावाचं बंदर. एव्हाना इंग्लंडचा कायदा थोडा सैल झाला होता. १७९१ पासून कॅथलिकांना शाळा चालवता येत होती. शायरबर्नांचा हा वाडा वारशाने थॉमस वेल्ड यांच्याकडे आला होता आणि ते होते याच शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांनी वाडा आणि जमीन देऊन टाकली. दोनशे वर्षं परदेशात काढून शाळा पहिल्यांदा मायदेशी आली. तुमच्या शाळेच्या पत्र्यांसाठी माजी विद्यार्थ्यांकडे वर्गणी मागत तुम्ही सायकलवर किती फिरलात, ते मला आठवतंय. वेल्डसारखा एक भेटायला हवा होता.

एवढ्या उचलबांगड्यांत काय टिकलं म्हणाल, तर अभ्यासाची घडी. आपल्या आठवीच्या वयाच्या मुलांचा वर्ग इथे लोअर ग्रामर, नववी ग्रामर, दहावी सिंटॅक्स, अकरावी पोएट्री आणि बारावी रेटरिक. सोळाव्या शतकातल्या जेज्वीट शिक्षणक्रमातली ही नावं अजून रोजच्या बोलण्यात आहेत. म्हणजे आधी भाषा घटवायची, मग काव्य, आणि शेवटी चार लोकांसमोर उभं राहून मुद्देसूद बोलायचं. मला हे फार पटलं. आमच्या हॉस्पिटलात शिकाऊ म्हणून येणारी हुशार पोरं रोग्याच्या नातेवाइकांशी चार वाक्यं धड बोलू शकत नाहीत, तेव्हा रेटरिकची किंमत कळते. शाळेतले चार गट आहेत, त्यांची नावं कँपियन, सेंट ओमर्स, शायरबर्न आणि वेल्ड. म्हणजे जीव देणारा, आसरा देणारं गाव, घर बांधणारे आणि घर देणारा. खेळाच्या मैदानावर ओरडतानासुद्धा मुलांच्या तोंडी शाळेचा इतिहास येतो.

शाळेची वेधशाळाही आहे, १८३८ ची. तिथले फादर स्टीफन पेरी यांच्याबद्दल वाचून मला तुमच्या विज्ञानाच्या तासांची आठवण झाली. पेरी सूर्याचा अभ्यास करत. १८७४ मध्ये शुक्राचं अधिक्रमण पाहायला ते दक्षिण गोलार्धातल्या केर्गेलेन या निर्मनुष्य बेटावर गेले होते. १८८९ च्या डिसेंबरात खग्रास ग्रहणासाठी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर गेले, तिथे त्यांना हगवणीने गाठलं. अंगात त्राण नसताना त्यांनी ग्रहणाची निरीक्षणं पुरी केली आणि पाच दिवसांत बोटीवरच प्राण सोडला. वय ५६. सूर्यावरच्या डागांची जागा मोजायला जी आखलेली तबकडी वापरतात, तिला आजही स्टोनीहर्स्ट डिस्क म्हणतात. धर्म आणि विज्ञान यांचं वैर असतं असं तुमच्याशी कुणी वाद घालायला आलं, तर त्याला पेरींची हकिकत ऐकवा.

सगळंच गोड नव्हतं. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल इथे १८७५ पर्यंत शिकले. त्यांच्या वेळी मोरिआर्टी आडनावाचा मुलगा शाळेत होता; होम्सच्या त्या कट्टर वैऱ्याचं नाव तिथूनच आलं असावं. पण डॉइलना शाळेची आठवण गोड नव्हती. बुटाच्या तळव्याएवढा जाड रबराचा तुकडा असे, त्याचे फटके हातावर. एका फटक्याने पंजा सुजायचा, आणि नेहमीची शिक्षा म्हणजे दोन्ही हातांवर नऊ-नऊ. त्यानंतर खोलीबाहेर पडायला दाराची मूठ फिरवता यायची नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे डॉइलनी कॅथलिक श्रद्धाही सोडली. छळातून वाचलेल्या माणसांनी मुलांना असं मारावं, हे मला समजत नाही. तुम्ही छडी टेबलाच्या खणात ठेवून द्यायचात आणि ती कधी बाहेर आली नाही, हे तुमचे विद्यार्थी अजून मला सांगतात.

आता रबराचा तुकडा गेला. १९९९ पासून मुलीही शिकतात, शिकवणारेही बहुतेक प्रापंचिक स्त्री-पुरुष आहेत. फी मात्र आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. हे मला खुपलं. म्हणून आमच्या रियाच्या शाळेचंही लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल इथली कॅथलिक शाळा म्हणजे वाडाच. रियाची शाळा साध्या विटांची, आमच्या वस्तीतली. फी एक पैसा नाही. १९४४ च्या कायद्याने ठरलेली पद्धत आहे: शिक्षकांचे पगार सरकार देतं, इमारतीच्या कामाचा थोडा वाटा चर्च उचलतं, आणि शाळेचं कॅथलिकपण चर्चच्या हाती राहतं. प्रवेशासाठी तुम्ही धर्मग्रामातून पाठवलेला बाप्तिस्म्याचा दाखला लागला, तो याचसाठी. वर्गात पोलंडची मुलं आहेत, केरळची तर पुष्कळ. या दोन्ही शाळा एकाच झाडाच्या आहेत, पण मला विचाराल तर कँपियन आज आले असते तर आधी रियाच्या शाळेत गेले असते.

आणखी एक. प्रेस्टनमध्ये जेज्वीटांनी बांधलेलं संत इग्नेशियस यांचं चर्च होतं. माणसं कमी झाली म्हणून २०१४ मध्ये ते बंद करायची वेळ आली. मग ते केरळच्या सिरो-मलबार पंथाच्या कॅथलिकांना मिळालं, आणि २०१६ पासून ते संत अल्फोन्सा यांचं कॅथेड्रल आहे. माझ्या वॉर्डातल्या मल्याळी मैत्रिणींबरोबर मी कधीकधी तिथे जाते. मिस्सा मल्याळममध्ये असते, भाषा कळत नाही, पण चर्च भरलेलं असतं आणि मागच्या बाकांवर पोरं दंगा करत असतात.

तुमच्याकडची क्रिस्तपुराणाची प्रत दादाला सांगून नाताळच्या आधी कुणाबरोबर तरी पाठवता येईल का? रियाला फादर स्टीफन्सवर शाळेत बोलायचं आहे. इंग्रजी मी बघेन, पण ओव्या तुमच्या चालीत म्हणून मोबाइलवर पाठवा. तिची बाई म्हणाली, मराठीतच ऐकव.

आईला आणि वहिनीला सांगा, सुकटीचं पार्सल पोचलं.

तुमची,
सुनिता