आई, तुझी रुचिरा मिळाली!

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले होते. पितळी कुलपं, नळाच्या तोट्या आणि शेजारी ताडपत्रीवर पुस्तकांचा ढीग. जुन्या गाइडांच्या खाली रुचिरा! आई, तुझ्या रुखवतात होती तसलीच, सत्तरच्या दशकातली. पुठ्ठा सुटलाय, पण पानं सगळी शाबूत आहेत; तिथंच उकिडवी बसून एकेक तपासली. घासाघीस करायचंही सुचलं नाही, मागितले तेवढे पैसे देऊन टाकले. रिक्षात बसले तरी हात थरथरत होते, इतका आनंद झाला!

नवी आवृत्ती दुकानात केव्हाही मिळते. पण 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीच्या पुराचं पाणी घरात शिरलं, फ्रीज गेला, गाद्या गेल्या, त्याबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. रुचिरेचा लगदा मात्र ऊन पडल्यावर गच्चीत पसरून ठेवला होतास. तेव्हापासून मी हीच शोधत होते.

कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली रुचिरेतल्या पाककृतींना वाटी-चमच्याची मापं दिली, त्याचं मोल मला स्वतःचा संसार मांडल्यावर कळलं. नव्या घरात वजनकाटा नसतो, वाटी असतेच. बाबा, आई माहेरी गेली की तुम्हीसुद्धा पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून आम्हाला उपमा करून घालायचात.

या प्रतीत कुणा बाईंनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून ठेवलंय. चकलीपाशी ‘मोहन कडकडीत हवे’, आणि खाली ‘दिवाळी 77, सर्वांना आवडल्या’. त्या पानावर हळदीचं बोट अजून पिवळं आहे. कोण होत्या कुणास ठाऊक, पण त्यांचं एक अक्षरही मी खोडणार नाही.

आई, तुझ्या खुणाही यात हव्यात. बिरड्याला गूळ किती, अनारशाचं पीठ कसं मुरवायचं, ओल्या काजूच्या उसळीत तू काय काय बदललंस, सगळं. गणपतीला येताना घेऊन येते, तेव्हा तू सांग आणि बाबा, तुम्ही लिहा, तुमचं अक्षर सुरेख आहे.

पुस्तक शुक्रवारी बाइंडरकडे द्यायचंय. समास अगदी अरुंद आहेत, म्हणून शेवटी कोरे कागद शिवून घ्यायचा विचार आहे. किती लागतील ते आईला विचारून कळवा.

तुमची,
मनू