बाबा, यंदा कामं कमी घेऊ

नागपूर, १८ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबांचे गुडघ्याचे व्यायाम नियमित चालू आहेत असं दादा सांगतो. बाबा सकाळपासून बाल्कनीत उभे राहून समोरच्या टॉवरचं सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा) बघतात आणि "सपोर्ट कमी लावले यांनी" म्हणून वहिनीला ऐकवतात, हेही सांगतो. बाबा, पुण्याचे टॉवर पुण्याचे लोक बघून घेतील. तुम्ही बसा.

फोनवर आपल्या घरबांधणीच्या धंद्याचा विषय निघाला की तुम्ही तापता, मग मी तापते, मग आई फोन ओढून घेते आणि गोष्ट "जेवलीस का?" वर येऊन थांबते. म्हणून पत्र. सलग वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

सध्या बेसा आणि मानेवाडा अशा दोन साइट चालू आहेत. त्या आटोपेपर्यंत मी तिसरी घेणार नाही. तुमच्या मित्रांनी सुचवलेलं सरकारी कामाचं सब-कॉन्ट्रॅक्टही घेणार नाही. "कामं सोडून धंदा वाढतो का?" असं तुम्ही म्हणाल. तेच समजावून सांगते.

१,२०० चौरस फुटांचं घर, मालासकट फुटाला १,८०० रुपये धरले तर २१ लाख ६० हजार होतात. त्यात आपल्याला १२ टक्के सुटतात, हा तुमचा नेहमीचा हिशोब. म्हणजे २ लाख ५९ हजार २००. घर उभं राहायला आठ महिने लागले तर महिन्याला ३२,४००. ऐकायला बरं वाटतं. पण रोज सकाळी साडेसातला साइटवर उभा राहणारा, रेतीची गाडी मोजून घेणारा, संध्याकाळी मालकाची कटकट ऐकणारा सुपरवायझर ठेवला तर तो २० हजारांच्या खाली येत नाही. तो पगार तुम्ही इतकी वर्षं स्वतःला दिलाच नाही. पेट्रोल घरखर्चात, फोन घरखर्चात. हे सगळं वजा केलं की नफा म्हणून जे उरतं, त्यात एका पावसाळ्यात काम थांबलं तर भागत नाही.

आणि ते जेमतेम उरलेलंही आपल्याला दिसायचं नाही, कारण मानेवाड्याचा अ‍ॅडव्हान्स आला की त्यातून बेशाचा लोहा यायचा, आणि बेशाचे पैसे आले की जुन्या साइटचा प्लंबर चुकता व्हायचा. कोणत्या घरात कमावलं आणि कोणत्या घरात बुडालो, हे कळायला मार्गच नव्हता. आता दोन्ही साइटचं बँक खातं वेगळं आहे. एकाचे पैसे दुसऱ्यात टाकायचे नाहीत, हा एकच नियम. पहिल्या महिन्यात फार जड गेलं, सिमेंटवाल्याला दोनदा थांबवावं लागलं. पण आता रविवारी रात्री पाच मिनिटांत कळतं की कुठे उभे आहोत.

आई, यात तुझा वाटा तुला माहीत नाही. शनिवारच्या चुकाऱ्याच्या तुझ्या डायऱ्या मी कपाटातून काढल्या. मिस्त्री किती, कुली किती, रेजा (मजूर बाया) किती, कोणाला किती उचल, आणि शेजारी बारीक अक्षरात "जुडाई झाली", "छपाई बाकी", म्हणजे विटांचं बांधकाम झालं, प्लास्टर बाकी. तू फक्त पैसे वाटल्याचं लिहीत होतीस. मी त्यावरून फुटामागे जुडाईला किती मजुरी लागते, छपाईला किती, पावसाळ्यात किती वाढते, हे सगळं काढलं. आपण मालकाला सांगत होतो तो मजुरीचा दर आपल्याच खर्चाच्या खाली होता. आता एस्टिमेट तुझ्या डायऱ्यांवरून बनतं.

बाबा, तुमची एक गोष्ट मी अजिबात बदललेली नाही. पायव्यासाठी घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदायचं. बेशाकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतीला तिरपी चीर पाडते. तुम्ही बांधलेल्या घरांत ती चीर नाही, म्हणून तर लोक नाव विचारत येतात. फक्त जास्तीचं खोदकाम, जास्तीचं काँक्रीट तुम्ही स्वतःच्या खिशातून करत आलात. "आता त्याला काय मागायचं" म्हणून सोडून द्यायचे. आता करारात सरळ लिहिते, पायवा पाच फूट धरला आहे, मुरूम त्याखाली लागला तर खोदकाम आणि काँक्रीट या या दराने वेगळं. खड्ड्यात टेप सोडून मालकासमोर मोजायचं, फोटो काढायचा, त्याच दिवशी सही घ्यायची. बेशाच्या मालकांनी आधी तोंड वाकडं केलं. खड्ड्यात वाकून पाहिल्यावर मात्र मुकाट्यानं सही केली.

पैशांचे टप्पेही लिहिले आहेत. पायव्याआधी, प्लिंथला (जोत्याला), स्लॅबच्या आधी, छपाईला. स्लॅबचा हप्ता स्लॅबच्या आधी येतो, नंतर नाही, हे महत्त्वाचं. एकदा स्लॅब टाकून झाला की मालकाला घाई राहत नाही. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाल्यावर तर प्रत्येक जण पहिल्याच भेटीत "भाव किती कमी करता?" म्हणून विचारतो. मी सिमेंटचा फरक कागदावर दाखवते आणि रेती-मजुरी स्वस्त झाली नाही हेही दाखवते. कागद पाहिला की माणूस निम्मं भांडत नाही.

मानेवाड्याच्या स्लॅबचं सांगते, तुम्हाला आवडेल. मिक्सरवाल्याची सवय तुम्हाला ठाऊक आहे, माल लवकर सरकावा म्हणून पाणी ओतत राहायचं. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याला वजनाच्या अर्ध्या प्रमाणानं २५ लिटर पाणी होतं, आणि ओल्या रेतीतलं पाणी त्यातून कमी करायचं. हे शंभरदा सांगून उपयोग नव्हता. मी बादलीला आतून लाल रंगाची रेघ मारली, रबरी पाइप मिक्सरपासून काढून टाकला आणि बादलीवर एक माणूस बसवला. मोठे मिस्त्री म्हणाले, "ताई, तुम्ही तर दवाखान्यासारखं मोजून राहिल्या." दुपारी बादलीवाला पोरगाच मिक्सरवाल्याला रागावत होता. काँक्रीट तपासायला १५० मिलिमीटरचे क्यूब भरले, सात दिवसांचे आणि २८ दिवसांचे प्रयोगशाळेत दिले. त्या रिपोर्टची प्रत मालकाला दिली, तर त्यांनी ती फोनवरून साऱ्या नातेवाइकांना पाठवली. स्लॅबवर पाण्याची आळी चौदा दिवस भरून ठेवली, गोणपाट टाकलं. हे तुम्ही नेहमीच करत होता. फरक इतकाच की आता भिंतीवर तारखांचा तक्ता आहे आणि चौकीदार रोज खूण करतो.

प्लॉट बघायला गेले की आधी कागद मागते. नागपुरात ५७२ आणि १९०० ले-आउटचा (आधी परवानगीशिवाय पडलेल्या, मग नियमित करायला घेतलेल्या वस्त्यांचा) घोळ तुमच्यापेक्षा कोणाला जास्त माहीत? आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) आणि मंजूर नकाशा नसेल तर मी लेव्हल काढायलाही जात नाही. अर्ध्यात नोटीस आली की मालक हात वर करतो आणि आपलं सेंट्रिंग महिनोन्महिने तिथे अडकून पडतं.

आता त्या सब-कॉन्ट्रॅक्टबद्दल. तुमचे मित्र माणूस म्हणून चांगले आहेत, मी त्यांना काका म्हणते. पण राज्यातल्या कंत्राटदारांच्या थकलेल्या बिलांच्या बातम्या २०२५ मध्ये तुम्हीच मला वाचून दाखवत होता. मुख्य कंत्राटदाराचं बिल अडकलं की त्याच्या खालच्याचं आधी अडकतं. आपल्या मजुरांना मात्र शनिवारी पैसे लागतात. बालाघाटहून आलेली माणसं दोन शनिवार थांबतात, तिसऱ्या शनिवारी दुसऱ्या साइटवर जातात. तसं झालं तर आपल्याकडे काही उरणार नाही, कारण आपली मिळकत म्हणजे ती माणसंच. त्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायला घेतली आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला आपण द्यायचा असतो. हजेरीची वही नीट असल्यामुळे तो देता येतो. मुलांच्या शिक्षणाचे पैसे मिळतात म्हटल्यावर रेजाबायाच आधी आधार कार्ड घेऊन आल्या.

मग वाढायचं कुठून? आपल्याच जुन्या घरांतून. पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये, आपण बांधलेल्या घरांच्या गच्च्या फुकट बघून द्यायच्या. कुठे वॉटरप्रूफिंग निघतं, कुठे वरचा मजला चढवायचा असतो. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरच्या जुन्या फ्लॅट स्कीममध्येही गळतीची कामं भरपूर आहेत. लहान काम, पंधरा-वीस दिवसांत संपतं, पैसे तिथल्या तिथे. तुम्हाला हे "डागडुजीचं काम" वाटतं आणि कंत्राटदाराच्या मुलीनं करावं असं वाटत नाही, ते ठाऊक आहे. मला ते आवडतं.

सेंट्रिंगच्या प्लेटा आणि सपोर्ट मात्र स्वतःचे घ्यायचे आहेत. दर स्लॅबला भाड्यात जातं ते बघवत नाही. त्यासाठी मुद्रा कर्जाचं बँकेत बोलले आहे, १० लाखांपर्यंत तारण लागत नाही. मला तेवढं लागणारही नाही. आई, तू दादाजवळ पाटल्यांची गोष्ट काढलीस ते मला कळलं. पाटल्या हातातच राहू दे. घराचे कागदही कपाटातून निघणार नाहीत. धंद्याचं कर्ज धंद्यानं फेडायचं, घर त्यात ओढायचं नाही, एवढं माझं ठरलं आहे. यावर वाद घातला तर मी ऐकेन, पण बदलणार नाही.

बाबा, तुमच्याकडून दोन कामं हवी आहेत. जुन्या वहीत "येणे" म्हणून पाच-सहा नावं आहेत, रक्कम आहे, पण काय ठरलं होतं ते लिहिलेलं नाही. ते आठवून दादाला सांगा, तो मला लिहून पाठवेल. आणि काकांना नकार तुम्ही कळवा, माझ्याकडून गेला तर त्यांना वाईट वाटेल.

पाडव्याच्या आत या. वंदे भारत नागपुरात अजनी स्टेशनला सोडते, पण बारा तास बसून गुडघा आखडेल. त्यापेक्षा रात्रीच्या गाडीचं खालचं बर्थ बघायला दादाला सांगितलं आहे. बेशाचा पहिल्या मजल्याचा स्लॅब मी तुम्ही आल्यावर टाकणार आहे, पण तुम्ही खुर्चीत बसणार, शिडी चढणार नाही.

तुमची,
सोनू

ता. क. लेव्हलची पारदर्शक पाइप कुठे ठेवली आहे? शेड उलटी-पालटी केली, सापडली नाही.