चार्टची स्टाईल एकदाच बसव

खानापूर

प्रिय दत्ता,

तू फोनवर विचारलंस की आमच्या डेअरीचे चार्ट दर महिन्याला सेम टू सेम कसे येतात आणि तुमच्या सोसायटीच्या ठेवी-कर्जाच्या अहवालात मात्र प्रत्येक पानावर वेगळाच रंग का, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहितोय. अहवाल प्रेसला जायच्या आधी वाच म्हणजे झालं.

एक्सेलमध्ये चार्टवर क्लिक केलं की चार्ट स्टाईल्सची जी पट्टी येते ना, तिच्यात आपली स्वतःची स्टाईल घालता येत नाही, त्यामुळे ती शोधत बसू नको. आपली स्टाईल ठेवायची जागा म्हणजे टेम्पलेट. एक चार्ट मनासारखा करायचा, रंग, फाँट, मागच्या रेघा, लेजंड (कुठला रंग कशाचा ते सांगणारी चौकट) कुठं पाहिजे ते सगळं, मग चार्टच्या रिकाम्या जागेवर राईट क्लिक करून सेव्ह ॲज टेम्पलेट. सीआरटीएक्स प्रकारची फाईल होते आणि ती चार्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये जाते. तो फोल्डर बदलू नको हं, दुसरीकडं सेव्ह केलीस तर यादीत दिसत नाही. पुढच्या वेळी इन्सर्टमधून ऑल चार्ट्समध्ये गेलास की टेम्पलेट्समध्ये ती असते. जुना चार्ट असला तरी चेंज चार्ट टाईपमधून तीच लावता येते. आणि तिथंच तिच्यावर राईट क्लिक करून सेट ॲज डिफॉल्ट चार्ट केलंस तर नुसते आकडे सिलेक्ट करून ऑल्ट आणि एफ१ दाबलं की काम झालं.

पण हे क्लिक-बिक कुणीही शिकतं. खरी गोष्ट अशी आहे की रंगाला अर्थ बसला पाहिजे आणि तो परत बदलता कामा नये. आमच्या बोर्डावर सकाळचं दूध निळं, संध्याकाळचं नारिंगी आणि फॅटची रेघ काळी, कायम. आता एक आजी येतात, वाचायला येत नाही त्यांना, पण किटली खाली ठेवून सरळ नारिंगी खांबावर बोट ठेवतात आणि विचारतात, सांजचं दूध एवढं का उतरलंय गा? त्यांना लेजंड लागत नाही. एखाद्या महिन्यात मी रंग उलटे केले तर त्या बाईला चुकीची माहिती दिल्यासारखं होईल, म्हणून मला हे लई महत्त्वाचं वाटतं. तुमच्याकडं पण ठेवीला एक रंग आणि कर्जाला एक रंग ठरव आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तोच ठेव.

रंग निवडताना लाल-हिरवी जोडी नको, बऱ्याच पुरुषांना ते दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. जपानच्या मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी सगळ्यांना ओळखू येतील असे रंग काढून ठेवलेत, त्यातले दोन मी घेतले. निळा म्हणजे लाल ०, हिरवा ११४, निळा १७८ आणि नारिंगी म्हणजे २३०, १५९, ०. एक गडद आणि एक फिका असल्यामुळं झेरॉक्स काढली तरी दोन खांब वेगळे दिसतात, आणि तुमचा अहवाल गावोगाव झेरॉक्सवरच फिरतोय की. हे आकडे मोअर कलर्समध्ये जाऊन घाल. वरच्या थीम कलर्समधला रंग घेतलास आणि दुसऱ्या फाईलची थीम, म्हणजे तिचा ठरलेला रंगसंच, वेगळी असली तर तिथं चिकटवलेला चार्ट वेगळ्याच रंगात दिसू शकतो, आणि मला वाटतं तुझं तेच होतंय, कारण तू हेड ऑफिसच्या फाईलमध्ये चार्ट चिकटवतोस.

फाँट निर्मला यूआय ठेव. त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या आहेत. आपल्याकडं मराठी आणि कन्नड दोन्हीत अहवाल काढावा लागतो, तर एकाच टेम्पलेटवर दोन्ही निघतात आणि अक्षरांची जाडी पण मिळतीजुळती राहते.

रकमेचं एक सांगतो. तुमच्या चार्टच्या उभ्या अक्षावर एवढी शून्यं येतात की म्हातारी माणसं मोजत बसतात. अक्षावर राईट क्लिक, फॉरमॅट ॲक्सिस, त्यात डिस्प्ले युनिट्समध्ये १००००० निवड आणि लेबलमध्ये लाख रुपये असं टाईप कर. बघ की किती सुटसुटीत होतं.

आता सगळ्यात जपायचं ते हे. अक्षाचा मिनिमम-मॅक्सिमम हातानं घातलास तर तो पण टेम्पलेटमध्ये जातो. फॅटच्या रेघेला मी मुद्दाम ३ ते ८ टक्के ठेवलाय, गाईचं-म्हशीचं दोन्ही त्यात बसतं आणि महिन्या-महिन्याची तुलना खरी होते. पण लिटरला मॅक्सिमम ऑटोवरच सोडलाय, कारण थंडीत म्हशी जास्त देतात, उन्हाळ्यात दूध आटतं, आणि उन्हाळ्यात ठरवलेला आकडा थंडीत खांब वरनंच कापून टाकेल. खांबाचा मिनिमम मात्र शून्यच, त्यात तडजोड नको. ठेवी थोड्याशा वाढल्या आणि चार्टात दुप्पट दिसल्या तर ते सभासदाला फसवणंच आहे, मग चेअरमन काही म्हणू देत.

टेम्पलेट जेवढ्या रकान्यांवर केलंस त्यापेक्षा जास्त रकाने आले तर जादाच्यांना एक्सेल स्वतःच्या मनानं रंग देतं. म्हणून करतानाच चार-पाच रकान्यांचा करून ठेव.

तुमच्या शाखेत कुणाकडं लिब्रेऑफिस असेल तर तिथं टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये चार्ट्सखाली डिफॉल्ट कलर्स आहेत, त्यात हेच आकडे भर. गूगल शीट्सवाल्यानं फॉरमॅटमधल्या थीममध्ये जाऊन रंग आणि फाँट बदलावा.

माझी सीआरटीएक्स फाईल मेल करतोय. फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत %ॲपडेटा% हे इंग्रजीत टाईप कर, मायक्रोसॉफ्ट, मग टेम्पलेट्स, मग चार्ट्स, तिथं टाक. ठेवी-कर्जाचा पहिला चार्ट झाला की मला व्हॉट्सॲप कर, प्रेसला द्यायच्या आधी बघतो. काकूंना नमस्कार सांग आणि निपाणीला आलो की भेटूच.

तुझा,
विनू