आई, हरिपाठ खुर्चीत बसूनही होतो

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "गुडघे दुमडतच नाहीत, हरिपाठ कसला म्हणतेस? लांबूनच हात जोडते झालं." तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. दिवेलागणीला आपल्या घरात तुझा आवाज नाही, ही कल्पनाच करवत नाही गं.

आई, हरिपाठाला मांडी घालावीच लागते असं कुठे आहे? ज्ञानोबांचा पहिलाच अभंग देवाच्या दारी क्षणभर उभं राहायला सांगतो. वारीत दिंड्या टाळ वाजवत, चालता चालता हरिपाठ म्हणतात. पतंजलींनी तर आसन स्थिर आणि सुखाचं असावं, एवढंच सांगितलंय. ठणकत्या गुडघ्यांनी पाटावर बसलीस तर ना स्थिर, ना सुख. तेव्हा हाताची लाकडी खुर्ची देवघरासमोर ठेव. पाय अधांतरी राहिले तर तोच पाट पायांखाली घे. देवघर जमिनीलगत आहे, ते उंचावर बसवून घेऊ. समई लावताना वाकायला नको. सगळे अभंग एका बैठकीत झेपत नसतील तर पाचच म्हण. पण रोज म्हण, आणि दिवा लावल्या लावल्या म्हण. 'जरा भाजी टाकून येते' म्हणून उठलीस की ते राहतंच.

बाबा, तुमचं वेगळं आहे. तुम्ही पहाटे चारचा गजर लावता, तासभर ध्यान करायचं ठरवता, आणि आठवडा भरायच्या आत ते सुटतं. मग म्हणता, "माझं मन लागत नाही." अहो, अर्जुनाची तक्रार हीच होती. गीतेच्या सहाव्या अध्यायात तो म्हणतो, मन आवरणं म्हणजे वारा धरून ठेवण्याइतकं अवघड. कृष्ण त्याला रागवत नाही. आधी मान्य करतो, की हो, मन चंचल आहे, आवरायला कठीणच आहे. आणि मग सांगतो, अभ्यासाने आणि वैराग्याने ते ताब्यात येतं. मला हा संवाद फार धीराचा वाटतो. वैराग्य आपल्या आवाक्यात असो नसो, अभ्यास नक्की आहे.

म्हणून चार वाजता उठणं नको आणि तासभरही नको. सहाला तुम्ही उठताच. तोंड धुतलं की चहाचं आधण ठेवायच्या आधी बसा. पेपर हातात आल्यावर तुम्ही बसणार नाही, हे मी लहानपणापासून बघतेय! गोंदवलेकर महाराजांचा फोटो तुमच्या खोलीत आहे, आजोबांची तुळशीची माळही आहे. महाराजांनी (1845–1913) प्रपंचात गुंतलेल्या माणसांना हेच तर सांगितलं: श्रीराम जय राम जय जय राम. 108 मण्यांची एक माळ सावकाश ओढली की साधारण दहा मिनिटं होतात, घड्याळ बघावं लागत नाही. माळ मधल्या बोटावर घ्या, मणी अंगठ्याने ओढा, तर्जनी लांब ठेवा. मन पेन्शनच्या कागदांकडे गेलं की बऱ्याचदा अंगठाच थबकतो. तिथून पुढचा मणी ओढायचा, स्वतःवर चिडायचं नाही. मेरुमणी आला की उठायचं. आणखी करावंसं वाटलं तर मेरू न ओलांडता माळ उलटी फिरवा, पण पहिले काही महिने एकीवरच थांबा. उद्या पुन्हा बसावंसं वाटेल इतकंच आज करावं, असं मला मनापासून वाटतं.

एक मात्र ऐका. तुम्हाला बीपी आहे, तेव्हा कुणी कितीही सांगितलं तरी श्वास रोखून धरायचा नाही. साधा, येतो-जातो तसा श्वास चालू द्या. आणि पायाला मुंग्या आल्या असतील तर झटकन उठू नका, भिंतीला हात लावून उठा.

खाडे पडतील. पाहुणे येतील, लग्नाला जावं लागेल, ताप येईल. दुसऱ्या दिवशी दोन माळा करून भरपाई करू नका, नेहमीच्या वेळेला नेहमीची एकच माळ ओढा. ताप असेल तर पडल्या पडल्या नाम घ्या. आई, हे तुलाही.

तुम्हा दोघांना एकमेकांची सोबत आहे, हे मला मोठं बळ वाटतं. बाबांनी आईला संध्याकाळी "दिवा लावलास का?" एवढं विचारावं, आईने सकाळी माळ होईपर्यंत पेपर स्वयंपाकघरात ठेवावा.

बाबा, देवघराची लांबी-रुंदी आणि आई खुर्चीत बसल्यावर तिचा हात सहज पोचेल ती उंची टेपने मोजून कळवा. सुताराला या आठवड्यातच सांगते.

तुमची,
ताई