'कोणताही' या शब्दाला हरकत

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या संगणकावरच्या लेखात 'कोणताही प्रोग्राम थांबेल की अडकून राहील, हे आधीच अचूक सांगणारी प्रणाली आता दूर नाही' असं वाक्य आहे. चौतीस वर्षं प्रोग्राम लिहिण्यात घालवल्यावर ते वाचून गप्प बसवलं नाही. तशी प्रणाली असूच शकत नाही. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ सालच्या निबंधातच याचा गाभा आहे (प्रश्नाला आजचं रूप नंतर मिळालं). तेव्हा आजच्यासारखा संगणक जन्मालाही आला नव्हता.

समजा, असा तपासनीस सापडला. मी त्याला पोटात घालून 'उलटखोर' नावाचा प्रोग्राम लिहीन. त्याला कुठलाही प्रोग्राम दिला की तो तपासनिसाला विचारतो, "याला याचाच मजकूर वाचायला दिला तर हा थांबेल का?" उत्तर 'थांबेल' आलं, की उलटखोर कायमचा फिरत बसतो, 'नाही' आलं, की तिथल्या तिथे थांबतो. आता उलटखोराला त्याचाच मजकूर द्या. तपासनीस काहीही म्हणो, खोटाच पडतो. यंत्र कितीही वेगवान आणा, हा पेच सुटत नाही.

म्हणजे तपासणीची साधनं कुचकामी, असं मात्र नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एक लूप (तीच कृती पुन्हापुन्हा करणारा तुकडा) लिहिला होता: शून्यापासून ०.१ मिळवत जा, बेरीज बरोबर १ झाली की थांब. रात्रभर चालूच! संगणक आकडे फक्त ० आणि १ वापरून, म्हणजे द्विमान पद्धतीत मांडतो; तिच्यात ०.१ नेमका मावत नाही, त्यामुळे बेरीज १ला चाटून पुढे निघून जात होती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दोन मिनिटांत चूक दाखवली. असल्या चुका आज साधनंही पकडतात.

पण हे पाहा: संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, १ आला की थांबा. चार ओळींचं काम. २७पासून सुरुवात केली तर ९२३२पर्यंत चढून १११ पायऱ्यांनी १ येतो. १पासूनच्या प्रत्येक पूर्ण संख्येला तो येतोच, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

म्हणून प्रामाणिक साधनाला 'थांबेल' आणि 'थांबणार नाही' यांखेरीज 'सांगता येत नाही' हेही उत्तर ठेवावं लागतं. लेखात त्याचा उल्लेखच नाही. दुरुस्ती छापणार असाल तर 'कोणताही प्रोग्राम'ऐवजी 'पुष्कळसे प्रोग्राम' असं करावं.

आपली,
एक निवृत्त प्रोग्रामर