रात्री दोनचा नळ शोधून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर ‘थँक्यू’ म्हणून झालंय, पण तेवढ्यानं माझं समाधान होत नाही.

आमचा सर्व्हर म्हणजे भाड्यानं घेतलेलं, उबुंटू ही लिनक्स प्रणाली चालवणारं एक यंत्र. दृष्टिहीन मुलांसाठी आम्ही वाचून ध्वनिमुद्रित केलेली पाठ्यपुस्तकं त्यावर आहेत. महिन्याला १ टीबी, म्हणजे हजार जीबी, ट्रॅफिकची (डेटाच्या ये-जा करण्याची) मुभा. सलग दोन महिने ती चोवीस-पंचवीस तारखेलाच संपली, दुसऱ्यांदा तर ऐन परीक्षेच्या तोंडावर. मुलं वारेमाप डाऊनलोड करतात असं गृहीत धरून मी त्यांच्यासाठी सूचना लिहायला बसलो होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘‘मोजलंय का?’’

मोजलं नव्हतं.

‘पासवर्ड द्या, मी करून देते’ असं तुम्ही म्हणाला नाहीत, हे मला फार आवडलं. एपीटी या प्रोग्राम बसवायच्या कमांडनं व्हीएनस्टॅट हा ट्रॅफिक मोजणारा प्रोग्राम माझ्याच हातून बसवून घेतलात. मी जुन्या वहीतून ‘ईथ झिरो’ हे नेटवर्क कार्डाचं जुन्या पद्धतीचं नाव टाइप करत होतो आणि दर वेळी एरर. तुम्ही आयपी लिंक ही कार्डांची यादी दाखवणारी कमांड चालवून बघायला लावलंत, तेव्हा कळलं की आमच्या नेटवर्क कार्डाचं नाव ‘ईएनएस थ्री’ आहे! मग पडद्यावर आलं की पुरेसा डेटा अजून जमलेला नाही. मी घाबरलो, तुम्ही हसलात. ‘‘हा पाण्याचा मीटर आहे. बसवल्यापासूनचंच मोजणार. डेटाची पॅकेटं उघडून बघत नाही, कर्नलनं, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यानं, ठेवलेले आकडे फक्त टिपून ठेवतो. परवा बोलू.’’

परवा तासांचा तक्ता काढला. दिवसभर किरकोळ ट्रॅफिक, आणि रात्री दोनच्या ओळीत बाहेर जाणारे जवळजवळ ४० जीबी. रात्री दोनला कुठली मुलं अभ्यास करतात?

मीटर किती ते सांगतो, कुठला नळ ते नाही. म्हणून त्या रात्री तुमची नाइट शिफ्ट सांभाळत तुम्ही मला आयएफटॉप हा कुठल्या पत्त्याशी किती डेटा चाललाय ते दाखवणारा प्रोग्राम चालवायला लावलंत, पत्त्यांची नावं शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून मायनस एन हा पर्याय लावून. सगळा ओघ एकाच पत्त्यावर, आमच्याच बॅकअपच्या यंत्राकडे. कुठला प्रोग्राम डेटा खातोय ते सांगणाऱ्या नेटहॉग्जनं नाव दाखवलं : आरसिंक, फायली दुसऱ्या यंत्रावर पाठवणारा प्रोग्राम. म्हणजे मीच! रोज सगळ्या फायलींचा तारीख घातलेला नवा गठ्ठा बांधून तो आरसिंकनं पाठवत होतो. गठ्ठ्याचं नाव रोज वेगळं, मग त्याच्या दृष्टीनं फाइल रोज नवीच. बदल तेवढेच पाठवायची त्याची खुबी मीच मारून टाकली होती. चाळीस गुणिले पंचवीस, हिशेब तोंडी होतो.

तुम्ही ओरडला नाहीत. ‘‘गठ्ठा बांधू नका, फोल्डर तसंच पाठवा,’’ एवढंच.

काल रात्री दोनच्या ओळीत ३०० एमबीसुद्धा नव्हते. मुलांसाठी लिहिलेली ती सूचना मी फाडून टाकली. ती एकदा गेली असती तर परत कशी घेतली असती, हा विचार अजून मनातून जात नाही.

आपला,
बॅकअपवाला