शनिवारी रात्री माइनक्राफ्ट सर्व्हर तासभर बंद

मंडळी, येत्या शनिवारी रात्री १० ते ११ आपला जावा सर्व्हर (माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा) बंद ठेवतोय. साडेनऊनंतर नवीन खोदकाम काढू नका आणि दहाच्या आत बाहेर पडा.

कारण सांगतो. गेल्या आठवड्यात मी कंटेनर (आपला सर्व्हर ज्यात चालतो तो बंदिस्त डबा) थांबवला आणि दोघांची अर्धी भिंत गायब झाली. चूक माझीच. डॉकर, म्हणजे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर, सर्व्हरला थांबायला सांगतो, १० सेकंद वाट बघतो आणि मग सरळ गळा दाबतो. आपलं जग आता एवढं पसरलंय की ते डिस्कवर उतरायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून कंपोज फाइलमध्ये (डॉकरच्या सेटिंग्जची फाइल) ही मुदत ६० सेकंद करतोय.

मेमरीही वाढवतोय: जावाच्या हीपला (गेमचा डेटा जिथे राहतो ती मेमरी) ४ जीबी, कंटेनरला ६. दोन्ही आकडे सारखे ठेवले की हीपबाहेर लागणारी जागा उरत नाही आणि ऐन गर्दीत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सर्व्हरच मारून टाकतो.

व्हर्जन आहे तीच राहील. तुमचा गेम आपोआप अपडेट झाला असेल तर लाँचरमध्ये जुनी निवडा.

जग कंटेनरबाहेरच्या फोल्डरमध्ये आहे, त्यामुळे घरं, शेतं (आणि ती कोंबड्यांची भानगड) जागेवरच राहतील. तरी आधी बॅकअप घेतोय. पत्ता तोच, पोर्ट २५५६५. मोबाइलवाल्यांनो, तुमची बेडरॉक आवृत्ती वेगळी, ती इथे जोडली जाणार नाही. कृपया पुन्हा विचारू नका.

अकरानंतर ‘व्हाइटलिस्टमध्ये नाही’ (म्हणजे प्रवेश असलेल्यांच्या यादीत नाव नाही) असं दिसलं तर गेममधलं नाव अचूक स्पेलिंगसह इथे टाका.